आपलं ‘हळू’

शिबिर,
४ मार्च

प्रिय ताई,

तू गेल्यावर मी तुझ्या पलंगावरची चादर काढून धुवायला टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. मोकळा पलंग दिसला की कुणीतरी सामान ठेवतं, म्हणून मीच त्यावर माझे ओले कपडे पसरते. तुझी उशी मात्र मी घेतली. दोन उशांवर मान आखडते, तरी घेतली.

फोन अजून कोच शिट्टीबाईंच्या कपाटात आहेत. व्हरांड्यातला फोन रविवारीच मिळतो आणि मागे अख्खी रांग कान टवकारून उभी असते. त्यापेक्षा पत्र बरं. आईला म्हणावं, अक्षराला लाल शाई लावू नकोस. तळव्यांना इतके घट्टे पडलेत की पेन हातात आहे हे बघितल्यावर कळतं.

तुझ्या जागेवर आता नवी बसते. शिबिरात येऊन तिला वर्ष झालं, तरी तिचं नाव ‘नवी’च राहिलंय. चांगली वल्हवते. उंच आहे, कमी बोलते. पण ताई, तुझी पाठ मला पाठ होती. डावा खांदा जरा खाली आला की तू दमलीस, मान ताठ झाली की रागावलीस. नवीच्या पाठीवर मला काही वाचता येत नाही. मी वाचायचा प्रयत्नही करत नाही. ती पुढे गेली की मी जाते, ती मागे आली की मी येते.

अदलाबदलीच्या दिवसापासून बोटीतल्या मधल्या दोघींपैकी डॉक्टरीण माझ्याशी बोलत नाही. सुतारीण बोलते, पण हवापाण्याचं. बोट पळते. वेळ चांगली लागते. शिट्टीबाई काल चक्क ‘बरं’ म्हणाल्या. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं का?

जुलैच्या शर्यतीसाठी संघाची यादी एप्रिलअखेर जाणार. तोवर कुणाचीच जागा पक्की नाही, असं त्या सगळ्यांना सांगतात.

त्या दिवसाबद्दल लिहायला बसले होते. राहिलं.

तुझी,
बुटकी


घर,
११ मार्च

बुटके,

पत्र मिळालं. आईने लाल शाईचं पेन खरोखरच काढलं होतं. मी हातातून घेतलं. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण सिस्टर अजून वर्गाच्या दारात उभ्या असल्यासारखी बाई ऱ्हस्व-दीर्घ तपासते.

मी मजेत आहे. बाबांनी मला दुकानात तपासणीच्या खोलीत बसवलंय. तुला ती खोली आठवते ना, लहानपणी आपण तिथे लपायचो? काळा पडदा, उंच खुर्ची आणि समोर अक्षरांचा तक्ता. माणूस बसतो, मी त्याच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत राहते आणि विचारते, “पहिलं बरं की दुसरं? आता? आणि आता?” दिवसभर एवढंच. काल एक काका कंटाळून म्हणाले, “दोन्ही सारखीच दिसतायत हो, तुम्हीच ठरवून टाका.” मी म्हटलं, “काका, डोळे तुमचे आहेत.”

मग मनात आलं, अदलाबदल म्हणजे तरी दुसरं काय? दोन बोटी शेजारी शेजारी पळवायच्या. मग एकीतली एक उचलून दुसरीत, दुसरीतली पहिलीत, आणि पुन्हा पळवायच्या. नवी तुमच्या बोटीत होती तेव्हा तुम्ही पुढे होतात. मी येऊन बसले आणि तुम्ही मागे पडलात. पहिलं बरं. डोळे शिट्टीबाईंचे आहेत आणि ते चांगले आहेत. यात कुणी रुसावं असं काही नाही. मी बत्तीस वर्षांची आहे, पुढच्या खेपेला छत्तीस असेन, एवढंच.

त्याच काकांना कुणीतरी माझ्याबद्दल सांगितलं होतं. चष्मा घेताना म्हणाले, “तुम्ही म्हणे उलट्या बसता?”

“हो. जिकडे जायचं तिकडे पाठ.”

“मग वाट कोण बघतं?”

“बोटीच्या नाकावर बसते ती. अधूनमधून मान वळवते आणि आम्हाला हाक देते. आमच्या बोटीत माझी धाकटी बहीण.”

“आणि तुम्ही?”

“मी दुसऱ्या टोकाला. सगळ्या माझ्या पाठीमागे. मला कुणीच दिसत नाही. फक्त ऐकू येतं.”

“मग तुम्हाला दिसतं तरी काय?”

“मागे पडलेलं पाणी.”

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. म्हणाले, “कठीण आहे.” पैसे देऊन गेले.

हाताचे घट्टे निघायला लागलेत. कडेने सुटतात, सालपटासारखे. वल्हवायचं मशीन गच्चीवर आहे, त्यावर आई चादरी वाळत घालते.

बाबा ठीक. तू नीट जेव.

तुझी,
ताई

ता. क. — आईकडून: चादरी पहाटे खडखड आवाज करत नाहीत. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं की तुमच्या गच्चीवर गिरणी घातली का. ‘व्हरांड्यातला’ बरोबर लिहिलंस, पण ‘म्हणून’मध्ये णू दीर्घ असतो, बाळ, तुझं पत्र सोबत परत पाठवतेय, तू काय लिहिलंस ते पुन्हा बघ.


शिबिर,
२२ मार्च

प्रिय ताई,

‘म्हणून’ बघितलं. दीर्घच होता. पेनाची शेपटी पुसली गेलीय. आईला सांग, चष्मा बदल, घरचं दुकान आहे.

मशीनबद्दल तू लिहिलं नाहीस तर मीही विचारत नाही.

इथे सगळं ठीक. पाणी अजून गार आहे. सकाळी बोट खांद्यावर घेऊन उतरतो तेव्हा फळ्यांवर पाय घसरतात. परवा माझा तळवा फाटला आणि वल्ह्याची मूठ लाल झाली. सुतारीण ओरडली, “अगं, रक्त!” तोवर मला पत्ताच नव्हता. डॉक्टरणीने पट्टी बांधली. बांधताना तिने सुई जवळ आणून घट्ट्यावर हलकेच टोचली. “कळतंय?” मी म्हटलं, “नाही.” म्हणाली, “तुझं सगळंच असं झालंय.”

मग रात्रीच्या जेवणाला ती माझ्यासमोरच येऊन बसली. एवढ्या दिवसांचं साठलेलं असणार. म्हणाली, “एक सांग. त्या दिवशी, शेवटच्या टप्प्यात, मागून ‘हळू’ कोण ओरडलं?”

“मी.”

“मग आम्ही दोघींनी हात हळू केला, बरोबर? नाकावरचीचं ऐकायचं असतं. तुझ्या ताईला काय झालं होतं? ती तर सुसाट सुटली. बोट अशी हिसकली की माझं वल्हं पाण्यात अडकलं. तिने ऐकलं नाही, म्हणून ती घरी गेली. आणि तू आमच्याकडे अशी बघतेस जसं काही आम्हीच तिला घालवली.”

सुतारीण म्हणाली, “जाऊ दे ना, जेवू दे तिला.”

“तिला एकदा बोलू दे, मग सगळ्या जेवू.”

 मी ताट पुढे ओढलं. भात होता, तो खाल्ला. मग आणखी घेतला.

ताई, तुलाही काही बोलायचं असेल तर बोल. तुझ्या पत्रात काका आहेत, भिंगं आहेत, तू कुठे नाहीस.

बुटकी


घर,
३० मार्च

बुटके,

बरं, बोलते.

आई काल जुनी पेटी आवरत होती. त्यात तिचे ते कॅनव्हासचे बूट निघाले, शाळेच्या बोटहाऊसवर यायची ते. टाचेला अजून चिखल आहे. आपण दोघी पहिल्यांदा शाळेच्या जुन्या बोटीत बसलो, तू नऊ की दहा वर्षांची. सिस्टरांनी एवढंच सांगितलं होतं, सरळ बसा आणि देवाचं नाव घ्या. आणि आई काठाकाठाने, हातात वह्यांचा गठ्ठा, तसलेच बूट घालून धावत होती: “हळू गं! हळू! पडाल!”

आणि ती ‘हळू’ म्हणाली की आपल्याला चेव यायचा. आपण आणखी लांब, आणखी जोरात ओढायचो. ती आणखी ओरडायची. पुढे ती यायची थांबली, तर तूच मागून तिच्या आवाजात ‘हळू गं!’ करायचीस आणि मी हसत हसत लांब ताणायचे. पुढे हसणं गेलं, शब्द राहिला. दोघींच्या बोटीत आपण इतकी वर्षं त्याच शब्दावर शर्यती मारल्या. कुणाला सांगायची वेळच आली नाही, कारण बोटीत आपण दोघीच असायचो.

आता ऐक. त्या दिवशी मला पाठीमागून तुझा आवाज आला आणि मी काही विचार न करता ताणलं. मग मागचे हात ढिले पडल्याचं मला कळलं. किनाऱ्याला लागेपर्यंत मी एकच गोष्ट ठरवली होती: तू खरंच हळू म्हणाली होतीस. माझा खांदा पडला असेल, माझी लय सुटली असेल, तुला मागून दिसलं असेल, म्हणून तू मला सावरत होतीस. चौघींची बोट आहे, तू आता मोठी झालीस, आपले पोरखेळ तू सोडलेस. आणि मी मात्र जुन्या सवयीने भलतंच ऐकलं. म्हणजे चूक माझ्या कानांची. म्हणून मी सामान बांधलं आणि एक शब्द न बोलता गाडीत बसले.

पण डॉक्टरीण म्हणते की तू त्यांच्याकडे रागाने बघतेस. का बघतेस? त्यांनी ऐकलं तेच तू म्हणाली असशील तर राग कसला?

म्हणून एकच विचारते. ते कोणतं ‘हळू’ होतं? त्यांचं की आपलं?

मशीन चालवते. रोज. का ते विचारू नकोस, सकाळी उठल्यावर पायांना दुसरं काही सुचत नाही.

ताई


शिबिर,
५ एप्रिल

ताई,

आपलं.

त्या क्षणी मला बोटीत आपण दोघीच आहोत असं वाटलं होतं. मधल्या दोघी मला दिसत होत्या आणि तरी नव्हत्या. तुझी पाठ होती, पाणी होतं, आणि तोंडातून निघालं. निघाल्याबरोबर मला कळलं. तू उतरून सामान बांधत होतीस तेव्हा मी दारात उभी होते. तू बोलली नाहीस, म्हणून मला वाटलं की तुला सगळं कळलंय आणि तू मला बोल लावत नाहीस, हीच तुझी शिक्षा.

आज शिट्टीबाईंकडे गेले आणि सांगितलं. आईचे बूट, वह्यांचा गठ्ठा, सगळं. त्या हसल्या नाहीत. गळ्यातल्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाल्या, “तू दोघींना थांबायला सांगितलंस आणि एकीला पळायला. एकाच शब्दात. मला असं कधी कुणी केलेलं आठवत नाही.”

मी म्हटलं, “मॅडम, ताईला पुन्हा एक संधी द्या.”

“देते. पण नवीची जागा नवीने कमावली आहे, तिला मी हात लावणार नाही. शब्द तुझा होता. अदलाबदल तुझ्या जागेवर होईल. तुझी बहीण आणि तू. चालेल?”

मी ‘चालेल’ म्हटलं. लगेच. त्यांनी पुन्हा विचारलं, “कळलं ना, काय म्हणतेस?” कळलं होतं. भीती वाटायला हवी होती. मी वाट बघितली, वाटली नाही.

पंधरा तारखेला. डॉक्टरणीला आणि सुतारणीला मी जेवताना सांगितलं. सुतारीण म्हणाली, “म्हणजे आम्ही दोघी बावळट ठरलो.” डॉक्टरणीने माझ्या ताटातली मिरची उचलून खाल्ली. म्हणजे आता बोलेल.

ये.

बुटकी


घर,
९ एप्रिल

बुटके,

येते. बाबांनी दुकानावर पाटी लावलीय, ‘तपासणी दहा दिवस बंद’. आईने बॅगेत सहा मोजे जास्त टाकलेत.

एक गोष्ट आधीच ठरवून ठेव. माझ्यासाठी तू पाण्यात हळू केलंस — त्यांचं हळू — तर मला कळेल. तुझी पाठ मी कधी बघितली नाही, पण तुझा हात इतकी वर्षं बोटीच्या फळीतून ओळखलाय, तो शेजारच्या बोटीतूनही कळेल. तसं केलंस तर या जन्मात तुझ्या ताटाला ताट लावून बसणार नाही. लहानपणी मी तुला पुष्कळ खेळांत जिंकू दिलं, ते वेगळं होतं. तुझे दात पडले होते तेव्हा.

ताई


शिबिर,
६ मे

बुटके,

तू गेल्यावर तुझी चादर मी धुतली नाही. दोन्ही उशा माझ्याकडे. मान आखडते.

नाकावर बसायची सवय होतेय. इतकी वर्षं मला मागे पडलेलं पाणीच दिसलं, आता तीन पाठी दिसतात. डॉक्टरणीचा उजवा खांदा वर राहतो, तुला माहीत होतं? तू कधी बोलली नाहीस. आणि नवीची पाठ वाचता येते गं. दमली की ती मान किंचित डावीकडे टाकते, जणू कुणी हाक मारली.

शेवटच्या टप्प्याला मी ‘लांब’ म्हणते. सगळ्यांना कळतं. आपला शब्द मी इथे काढत नाही. त्या विचारतात, चिडवतात, सुतारीण तर बोट उचलतानाही ‘हळू गं’ करते. पण मी काढत नाही.

त्या दिवशी तू उतरलीस, बोट पुसलीस, वल्ही जागेवर ठेवलीस आणि माझी बॅग खोलीत आणून दिलीस. सगळं इतकं नीट केलंस की मला काही विचारता आलं नाही. यादी गेली, विमानाची तिकिटं आली, आणि मी अजून तिथेच आहे. म्हणून पत्रात विचारते. पूर्ण ताणलं होतंस?

तुझी,
ताई


घर,
१९ जुलै

प्रिय ताई,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण शर्यतीआधी तुझ्या डोक्यात काही जायला नको होतं. आता झाली. तुम्ही चौथ्या आलात हे तुला माहीत आहे, मी काय सांगणार. बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘चौथ्या’ असं म्हणतात, जसं काही ती पहिल्याच्याही वरची जागा आहे.

आधी तुझ्या प्रश्नाचं. पूर्ण ताणलं. शेवटी डोळ्यांपुढे पांढरं आलं होतं. तुझ्या बोटीचं नाक माझ्या खांद्याशी आलं, मग पुढे गेलं, आणि माझ्याकडे काही उरलं नव्हतं. तिथे आणखी काही शोधू नकोस. दुसरं बरं होतं, एवढंच. उतरले तेव्हा मला काही वाटत नव्हतं, म्हणून सगळं नीट करता आलं. घरी आल्यावरही तसंच. तपासणीच्या खोलीत आता मी असते. पहिलं बरं की दुसरं, पहिलं बरं की दुसरं. आई म्हणते, तुझी ताई गिऱ्हाइकांशी गप्पा तरी मारायची.

घट्टे निघाले. खालचं कातडं गुलाबी आहे, लहान मुलासारखं. गेल्या आठवड्यात चहाचा कप धरला आणि चटका बसला. हात झटकला, कप फुटला. आई आतून म्हणाली, “काय फोडलंस?” मी बराच वेळ त्या बोटांकडे बघत उभी होते.

आज दुकानात टीव्ही लावला होता. तीन गिऱ्हाइकं थांबलेली, त्यांतले एक तुझे ते काका. बाबा गल्ल्यामागे उभे, बसायला तयार नाहीत. मी उंच स्टुलावर. आई चष्मा न घालता पडद्याच्या अगदी जवळ. शेवटचा टप्पा आला, कॅमेरा बाजूने गेला आणि क्षणभर तू दिसलीस. तुझं तोंड हललं. आवाज आला नाही, नुसती गर्दीची ओरड होती. पण चौघींची वल्ही एकदम लांबली. चौघींची, ताई. मी बघितलं. तू ‘लांब’ म्हणालीस की दुसरं काही, ते मला लिहू नकोस.

आणि त्याच वेळी आई, तोंडावर हात ठेवून, पडद्याला म्हणाली, “हळू गं! हळू! पडाल!”

माझे पाय काउंटरच्या कडेवर होते. ते आपोआप रेटले गेले, पूर्ण, गुडघे सरळ होईपर्यंत. स्टूल मागे गेलं, मी खाली, माझ्यावर फ्रेमांचा अख्खा ट्रे. कोपर फुटलं. फार दुखलं. मी तिथेच फरशीवर बसून रडायला लागले आणि मला थांबता येईना.

काका उठून उभे राहिले. बाबा गल्ल्यामागून धावत आले. “काय झालं? कुठे लागलं?”

मी म्हटलं, “काही नाही, बाबा. आई हळू म्हणाली.”

तुझी,
बुटकी